पुस्तकात नसलेली कापसाची खोली

घरात मला फौजदार म्हणत. नाव बाबांनी ठेवलं होतं, आणि ते मी कमावलेलं होतं. दूधवाला दूध ओतून गेला की मी त्यात बोट बुडवून बघायची. आई ‘जरा शेजारी जाऊन येते’ म्हणाली की कुठल्या शेजारी आणि कशाला, हे कळल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू द्यायची नाही. बाबा वर्ध्याच्या कचेरीतून उशिरा परतले तर त्यांच्या चपला उलट्या करून बघायची. कचेरीच्या आवारातली धूळ आणि बाजारातली धूळ मला वेगळी ओळखता येते, असं माझं ठाम मत होतं. दहा वर्षांच्या पोरीला एवढा संशय कशाला हवा, असं लोक म्हणत. मी म्हणते, हवा. मोठी माणसं खोटं बोलतात आणि बोलताना लहानांकडे बघत नाहीत. लहानांनी तरी त्यांच्याकडे बघत राहावं.

आम्ही वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीत राहत होतो. पन्नास साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील. घरात आम्ही चौघं, आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. सडसडीत अंगाची, खणखणीत आवाजाची. पंचविशीला आली तरी लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे आमच्या गल्लीला बोलायला विषय कधी कमी पडला नाही.

माझा सगळ्यात मोठा संशय या आत्यावर होता. कारण तिला कापूस चालत नसे.

वर्ध्यात राहून कापूस चालत नाही म्हणणं म्हणजे कोळ्याच्या घरी राहून मासळीला नाक मुरडणं. आमच्याकडे दुपारची जेवणं आटोपली की ओसरीत शेजारच्या बाया सूत कातायला जमायच्या. पेटीचरखे उघडायचे, पिंजलेल्या कापसाचे पेळू हातात यायचे आणि चात्या घूं घूं करायला लागायच्या. कातलेल्या सुताच्या गुंड्या खादीच्या दुकानात द्यायच्या आणि त्यांच्या बदल्यात कापड आणायचं, अशी घरोघरची रीत. आत्या तेवढी कातत नसे. पेळूला हातसुद्धा लावत नसे. विचारलं की म्हणायची, मला खोकला येतो. आता मी फौजदार. मी बघून ठेवलं होतं की खडूच्या धुळीनं तिला खोकला येत नाही, जात्यावरच्या पिठानं येत नाही, झाडताना येत नाही. मग कापसानंच बरा येतो?

शिवाय ती गादीवर झोपायची नाही. सतरंजी अंथरायची आणि उशाला जुन्या पातळाची घडी घ्यायची. पौषातल्या थंडीतसुद्धा रजई नाही, दोन घोंगड्या एकावर एक. आणि स्थळं. तिला स्थळं काही कमी येत नव्हती, पण प्रत्येक ठिकाणी ती एकच गोष्ट विचारायची, शेती आहे का. आहे म्हटलं की हिचा नकार. वर्ध्याच्या आसपास बरं स्थळ, आणि त्याच्या घरी कापूस नाही, असं कुठून आणणार? आई कपाळाला हात लावायची.

आणि आदल्या थंडीतली ती थप्पड. शेजारच्यांच्या घरी नुकताच वेचणीचा कापूस येऊन पडला होता. एक अख्खी खोली अर्ध्या भिंतीपर्यंत भरली होती. आम्ही पोरं कोनाड्यावर चढून त्यात उड्या मारत होतो. याच्यासारखं सुख नाही, ज्यानं मारल्या असतील त्याला माहीत आहे. मी कमरेपर्यंत रुतले होते आणि हसत होते, तेवढ्यात आत्या आली, दंडाला धरून मला ओढून काढलं आणि सगळ्यांसमोर मुस्काटात दिली. तिनं त्याआधी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. मारलं मला आणि थरथरत होती ती. का मारलं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही ते विसरले नाही.

कातायचं नाही तर बसून करायचं काय, म्हणून वाचनाचं काम तिच्याकडे आलं होतं. शाळेच्या लायब्ररीतून ती पुस्तक आणायची आणि दुपारी बायांना वाचून दाखवायची. आई असायची, पोस्टमनची बायको असायची आणि समोरच्या मळ्यातली माळीणबाई असायची. मी एका कोपऱ्यात तकली फिरवत बसायची.

त्या पुस्तकांतल्या पोरींबद्दल मला आजही दोन शब्द सांगायचे आहेत. पहिल्या प्रकरणात त्यांची आई मरायची, दुसऱ्यात बाप. तिसऱ्यात काकी नाहीतर मामी चटके द्यायला लागायची. चौथ्यापासून पोरगी रडायला बसायची ती थेट शेवटाजवळ येईपर्यंत. मग कोणीतरी बॅरिस्टर यायचा आणि एका लग्नात तिचं सगळं बालपण धुऊन काढायचा. बाया पदरानं डोळे पुसायच्या. मला त्या पोरींचा मनस्वी राग यायचा. बॅरिस्टरची गाडी चुकली असती तर ही बाई काय करणार होती? जिला लहानपणी अंधाराची भीती बसली, ती मंगळसूत्र गळ्यात पडताच भीती विसरते, हे मला पटायचं नाही. मला स्वतःला पालीची भीती वाटायची आणि ती कोणत्याही बॅरिस्टरनं जाणारी नव्हती.

त्या उन्हाळ्यात आईला दिवस गेले होते. आधी दोनदा अर्ध्यावर गेलेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायची बंदी केली. घरचं काम, वर माझ्यासारखी दिवसभर प्रश्न विचारणारी पोर. तेव्हा हिंगणीहून मोठ्या आईचं पत्र आलं. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. ते वारल्यापासून शेतीवाडी एकटी बघत होती. पोरीला माझ्याकडे पाठवा, दिवाळीपर्यंत राहील, इथंही शाळा आहे, असं तिनं कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. खाली माझ्यासाठी एक ओळ होती. आमच्या गाईला वासरू झालं आहे, ते बांधायचं काम तुझं.

मी त्याच संध्याकाळी माझा फ्रॉक पिशवीत भरला. हिंगणी म्हणजे जंगलाच्या कडेचं गाव. तिथं टेंभरं, चारं अशी रानफळं, बैलगाडी आणि आता वासरू! नालवाडीत काय होतं? पाढे आणि तकली.

बाबांना तर आनंदच झाला. त्यांचे आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि आत्या सात वर्षांची. बाबांना वर्ध्याच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि आत्याला हिंगणीच्या या वहिनीनं ठेवून घेतलं. बाबा मॅट्रिक होऊन कचेरीत चिकटले, तेव्हा कुठं त्यांनी बहिणीला आपल्याकडे आणलं. या उपकाराची उजळणी आमच्याकडे दर सणाला व्हायची. वहिनीनं माझ्या बहिणीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

त्या रात्रीच्या जेवणाला आत्या म्हणाली की कशाला पाठवता, मी सांभाळते हिला. बाबा म्हणाले, तुझी शाळा आहे. आणि पुन्हा ते पोटच्या पोरीचं वाक्य म्हणाले. आत्या उठून हात धुवायला गेली. तिच्या ताटात अर्धी भाकर तशीच होती, आणि आमच्या घरात ताटात टाकलेलं चालत नसे. मी ते लक्षात ठेवलं.

त्याच आठवड्यात तिनं नवं पुस्तक सुरू केलं. लाल पुठ्ठ्याचं, जाडजूड. पुण्याच्या एका अनाथ पोरीची गोष्ट होती. पहिले दोन दिवस नेहमीसारखेच गेले. आई मेली, बाप मेला, पोरगी काकीच्या घरी आली. तिसऱ्या दिवसापासून मात्र मला काहीतरी खटकायला लागलं.

पुण्याची पोर, आणि सकाळी उठून कण्या खाते? अंबाडीच्या भाजीबरोबर? काकी तिला चूल पेटवायला पऱ्हाट्या आणायला पाठवते? कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहणाऱ्या त्या वाळक्या काड्या पुण्यात कुठून आल्या? भूगोलात आमच्या बाईंनी पुण्याच्या पिकांत कापूस सांगितला नव्हता. शिवाय आत्या पान उलटायची ते आठवण झाली की. कधी एका ओळीत उलटायची, कधी अर्धा तास उलटायचीच नाही. डोळे पुस्तकावर असायचे पण ओळीवरून सरकायचे नाहीत. आणि एरवी रडणाऱ्या बाया या गोष्टीला रडत नव्हत्या. त्यांचे चरखे हळू चालत होते. पोस्टमनची बायको एकदा म्हणाली की ही काकी माझ्या ओळखीची वाटते. आई खाटेवर पडून आत्याकडे एकटक बघत असायची.

सकाळची शाळा होती. आत्या लवकर जायची, मला मात्र आईजवळ थांबायला म्हणून शेवटचे काही दिवस सुट्टी होती. पुस्तक आत्याच्या ट्रंकेत असायचं आणि ट्रंकेची किल्ली खिळ्यावर लटकलेली असायची. एके सकाळी आईचा डोळा लागलेला बघून मी ती किल्ली काढली.

पुस्तकात खुणेसाठी केरसुणीची काडी घातलेली होती. मी तिथून वाचायला लागले, मग मागे गेले, मग अगदी सुरुवातीपासून वाचलं. पहिली तीन प्रकरणं आम्ही ऐकली तशीच होती. त्यानंतर पुस्तक एका वाटेनं गेलं होतं आणि आत्या दुसऱ्या. पुस्तकातली काकी तापानं केव्हाच देवाघरी गेली होती, आणि आमच्या ओसरीत ती रोज दुपारी त्या पोरीला उपाशी ठेवत होती. खुणेच्या पानावर ती पोरगी वाड्यात बसून पेटी शिकत होती आणि एक वकील चहा पीत तिचं गाणं ऐकत होता. ना कण्या, ना पऱ्हाट्या.

म्हणजे आत्या मनचं सांगत होती. मास्तरीण असून, हातात छापील पुस्तक धरून, चार बायांसमोर धडधडीत खोटं. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. थप्पड माझ्या गालावर अजून होतीच. आणि ती असं का करते, तेही मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. ती माझ्यावर जळत होती. काकूकडे राहायला जाणाऱ्या पोरीचे हाल सांगून सांगून आईला घाबरवायचं आणि माझी हिंगणी बुडवायची, असा तिचा डाव होता. मी पुस्तक जागच्या जागी ठेवलं आणि गप्प बसले. फौजदार पुरावा लगेच दाखवत नाही, वेळ बघून दाखवतो.

शनिवारी मोठी आई मला न्यायला आली. गोरी, भरल्या अंगाची, बोलणं लोण्यासारखं. टेंभरांची टोपली माझ्यापुढे ठेवून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. बोटं मऊ होती. आत्या पाया पडली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली की किती वाळलीस, मास्तरकीनं जीव खाल्ला तुझा. घरादारावर संशय घेणाऱ्या मला या बाईचा तिळभरही संशय आला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. गोड बोलणाऱ्यावर संशय घ्यायला मी तेव्हा शिकले नव्हते.

रविवारी दुपारी नेहमीसारख्या बाया जमल्या. दारांना ओली पोती बांधली होती. आईची खाट ओसरीतच होती. बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते, दार उघडंच होतं. मोठी आई आईच्या खाटेला टेकून बसली. मला वाटलं, आज आत्या वाचणार नाही. पाहुणीसमोर लाजेल, निदान दुसरं काहीतरी काढेल. पण तिनं ते लाल पुस्तक आणलं, काडी बाजूला ठेवली आणि सुरुवात केली. आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता.

गोष्ट अशी होती. वासरू बांधायचं काम त्या पोरीकडे होतं. एक दिवस तिच्या हातून गाठ सैल पडली, वासरू सुटलं आणि सगळं दूध पिऊन गेलं. काकी रागावली नाही, ओरडली नाही. गोड बोलत पोरीचा हात धरून तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. ती खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली होती. काकीनं पोरीला आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. पोर कापसात पडली ती खाली खालीच जायला लागली. हात टेकायला जावं तर हाताखाली काही नाही. ओरडायला तोंड उघडलं की तोंडात कापूस.

चरखे थांबले होते. कोण केव्हा थांबलं ते मला कळलं नाही, पण चात्यांचा आवाज बंद झाल्यावर ओसरी मोठी वाटायला लागली.

मोठी आई हसली. “त्यात काय एवढं,” ती म्हणाली. “लेकरं कापसात खेळता खेळता झोपून जातात.”

पोस्टमनच्या बायकोनं मान वर केली. “खेळाले कुठं गेलती थे? तिले तं कोंडलं ना.”

मोठी आई पदर सावरून बसली. मग आत्याकडे वळली, तसाच मऊ आवाज. “कोणतं पुस्तक हाय वं हे?”

ही माझी वेळ होती. मी उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हे पुस्तकात नाहीच. मी स्वतः वाचलं आहे. पुस्तकातली काकी तापानं मेली, तिथं कापूस नाही, वासरू नाही, आत्या सगळं मनचं सांगते.

मला वाटलं होतं, बाया आत्याला हसतील. कोणी हसलं नाही. माळीणबाईनं डोळे मिटून घेतले. आत्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. आणि मोठ्या आईनं, जी एवढा वेळ हसत होती, आवाज चढवून विचारलं, “मंग कुठचं हाय थे? बोल ना. कोणाच्या घरचं सांगून राह्यली तू?”

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी बहिणीकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. “काय चाललं हाय?” ते म्हणाले.

उत्तर आईनं दिलं, खाटेवर पडल्या पडल्या. “काई नाई. पुस्तकातच हाय ते. या पोट्टीले अजून धड वाचता येत नाई.”

मी वर्गात वाचनात पहिली होते. बक्षीस म्हणून पाटी मिळालेली होती. माझ्या आईनं, जी मला खोटं बोलले म्हणून कोपऱ्यात उभी करायची, तिनं नवऱ्यासमोर आणि पाहुणीसमोर असं खोटं बोलावं? मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या उठली. तिनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं, बोटानं पान दाखवलं आणि म्हणाली, “वाच. जे असेल ते वाच.”

मी पुस्तक धरलं. वकील चहा पीत होता. पेटीचे सूर वाड्यात भरून राहिले होते. सगळं तिथं स्वच्छ छापलेलं होतं, आणि मी फक्त ते मोठ्यानं वाचायचा अवकाश, आत्या खोटी ठरणार होती आणि मी सोमवारी वासरू बांधायला हिंगणीला जाणार होते.

वासरू. ते पत्रातलं वासरू मला तेव्हा आठवलं. मी मान वर करून आत्याकडे बघितलं. तिनं पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं होतं की बोटांची पेरं पांढरी दिसत होती. आणि त्या क्षणी मी जमा करून ठेवलेले सगळे पुरावे एकदम एका बाजूला झाले. खोकला, पातळाची घडी, घोंगड्या, नाकारलेली स्थळं, ताटातली अर्धी भाकर. ती थप्पडसुद्धा. मी कमरेपर्यंत कापसात रुतून हसत होते आणि ती थरथरत होती. मी वर्षभर चुकीच्या माणसावर पहारा दिला होता.

मला रडू यायला लागलं, पण वाचायचं होतं. मी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. मी वाचलं की त्या पोरीनं खूप हाका मारल्या. मी वाचलं की दिवे लागायची वेळ झाली. आता तिला बाहेर काढायला हवं होतं, आणि कसं काढायचं ते मला सुचेना. बॅरिस्टरवर माझा विश्वास नव्हता. मग मी बोट पुढच्या ओळीवर नेलं आणि वाचलं, “तेवढ्यात तिचा भाऊ आला आणि त्यानं कडी काढली.”

बाबांच्या घशातून काहीतरी आवाज आला. मी घाबरून थांबले.

“नाई,” आत्या म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत बाबांकडे होती. शाळेतला आवाज गेला होता, हिंगणीचा निघाला होता. “भाऊ नाई आला. भाऊ वर्ध्याले होता, त्याले काय माईत. तिनं कापूस पायानं तुडवला. तुडवून तुडवून पायरी केली. एकीवर दुसरी. वर झरोका होता, तिथं तोंड नेलं अन् पाढे म्हणत राह्यली, दम पुरते का नाई ते समजाले. मंग काकीनं कडी काढली अन् सगळ्याइले सांगतलं, खेळता खेळता झोपली. त्याच्यानंतर जवा जवा कोंडलं, तवा तिले पायरी करता येत होती.”

दारावरच्या पोत्यातून पाणी टपकत होतं.

मोठी आई उठून उभी राहिली. वाढवलं त्याचं हे फळ, असं काहीतरी म्हणायला लागली. बाबांनी तिला पुरतं बोलू दिलं. ते तिच्याशी कधी मान वर करून बोलले नव्हते, तेव्हाही खालीच बघत होते. “वहिनी,” ते म्हणाले, “पोरगी इथंच राहीन.”

सोमवारच्या पहिल्या मोटारीनं मोठी आई परत गेली. बाबा तिला पोचवायला गेले आणि आल्यावर कितीतरी दिवस बहिणीच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. एकदा फक्त जेवताना त्यांनी विचारलं की मला का नाही सांगितलंस. आत्या म्हणाली, “सांगितलं होतं. तू मले इथं आणलं त्याच साली. तू म्हणाला, वहिनीबद्दल असं बोलू नाई.” बाबांनी घास ताटात ठेवला. त्यांना ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, एवढाच दोघांत फरक होता.

म्हणून तिनं पुस्तक धरलं होतं. घरातल्या बाईनं आपलं सांगितलं तर ती कुरकुर ठरते, आणि तेच छापील कागदाआडून आलं तर चार बाया चरखा थांबवून ऐकतात. पुस्तकातल्या पोरींना मी रडक्या म्हणून नावं ठेवत होते, पण त्यांच्यापैकी एकीच्या पाठीमागे उभं राहूनच आत्याला बोलता आलं. त्या पोरींचे माझ्याकडून तेवढे आभार.

तिचं सगळं बरं झालं, असं मात्र मी लिहिणार नाही. आत्यानं पुढेही कधी सूत कातलं नाही. म्हातारपणीसुद्धा उशाला पातळाची घडीच असायची. मी एकदा धीर करून तिला काथ्याची उशी करून दिली, तर ती म्हणाली की घडीच बरी, सवय झाली. पण मला तिनं वाढवलं, त्या पावसाळ्यात जन्मलेल्या माझ्या बहिणीला वाढवलं आणि शाळेतल्या शेकडो पोरींकडून पाढे घोटून घेतले. पाढे येत नाहीत म्हणून तिनं कोणाला कोंडलं नाही.

त्या रविवारनंतर दोन दिवस ओसरीत कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाया आपापले चरखे घेऊन आल्या आणि काही झालंच नाही अशा थाटात पेळू काढून बसल्या. आत्याही पुस्तक घेऊन आली. काडी होती त्याच पानावर होती. तिनं पुस्तक उघडलं आणि नुसतीच बसून राहिली.

पोस्टमनच्या बायकोनं सुतावरची नजर हलवली नाही. “मंग पुढं काय झालं त्या पोरीचं?” तिनं विचारलं.

आत्यानं पानाकडे बघितलं. “मास्तरीण झाली,” ती म्हणाली.

“अन् लगन?”

“तेवढं अजून वाचलं नाई.”

माळीणबाई हसली, मग आई हसली, आणि चात्या पुन्हा घूं घूं करायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या शाळेत गेली होती, आई झोपली होती आणि ट्रंकेची किल्ली खिळ्यावर होती. मी तिच्याखाली बसून तकली फिरवत राहिले.